चक्कीमागचा बँड आणि दिगूचा गळा

पिठाच्या चक्कीत उभं राहिलं की पीठ अंगावर बसतंच. भुवया पांढऱ्या होतात, कान भरतात, घरी जाऊन सदरा झटकला तर अंगणात कोंबड्या गोळा होतात. किश्शांचंही तसंच. आपण काही जमवायला जात नाही, पण चार पोरं रोज आपल्या मागच्या खोलीत दणका लावत असली, की बसतात अंगावर!

पालमला माझी चक्की आहे. मागच्या खोलीत आधी रिकामी पोती असायची, आता तिथं रॉक बँड असतो. पोरांनी जागा मागितली तेव्हा मी म्हणालो, "अरे, माझ्या चक्कीच्या आवाजात तुमचं काय ऐकू येणार?" त्यांच्यातला बालाजी म्हणाला, "तेच तर पाहिजे आबा! गल्लीला वाटंल, दळण चालू हाय."

पण मधे ती खोली गप्प झाली. गाणारा दिगंबर, म्हणजे आमचा दिगू, त्याच्या गळ्यात गाठ निघाली. परभणीच्या डॉक्टरांनी ती काढली आणि सांगितलं, तपासणी होईपर्यंत तोंडातून एक शब्द काढायचा नाही. आवाज परत येईल का, विचारलं. "बहुतेक येईल," म्हणाले. त्या 'बहुतेक'पायी आम्हा कुणालाच जेवण गोड लागंना.

दिगू रोज संध्याकाळी यायचा आणि तोंड मिटून पोत्यावर बसायचा. त्याच्यासमोर वाजवायला कुणाचा हात उठेना. मग पोरं गोष्टी काढायची, कुणाला हा नाद कसा लागला त्याच्या. दिगूला हसवायचं, पण आवाज न होऊ देता. लय अवघड काम!

* * *

ड्रम वाजवतो तो बालाजी. ज्वारी हुरड्यात आली की बाप त्याला राखणीला पाठवायचा. हातात तेलाचा रिकामा डबा आणि दोन काड्या. पाखरं उतरली की डबा बडवायचा, एवढंच काम.

पोरगं बडवता बडवता रंगलं. मधोमध मारलं की एक आवाज, काठावर दुसरा, कोपऱ्यावर तिसराच. पाखरं आधी उडाली, मग थोडीच उडाली, मग त्यांना सवय झाली! बाप दुपारी भाकरी घेऊन आला, तर हा डोळे मिटून डबा वाजवतोय आणि पाखरं कणसांवर बसून निवांत खातायत.

बाप म्हणाला, "तुला राखणीला ठिवलंय, का पाखरांच्या पंगतीत वाजवायला?"

* * *

गिटारवाला सलीम. त्याच्या वडिलांचं जळालेल्या मोटारी भरून द्यायचं दुकान आहे. विहिरीवरची मोटार जळाली की आतली तांब्याची तार काढून नवी भरायची. सलीमनं एकदा ती नवी तार दोन खिळ्यांत ताणली आणि बोटानं छेडली. टण्ण! झालं, पोरगं तिथंच गेलं.

नेमका मोटारीचा मालक दारात. हरभऱ्याचं पाणी अडलेलं, त्याचा जीव टांगणीला. वडील आतून ओरडले, "सलीम, कायकू बजारा रे? लोगां पानी के वास्ते खडे हैं!"

शेतकरी मात्र शांत माणूस. म्हणाला, "वाजवायलाव का भरायलाव, एकदा ठरवा चाचा. माझा हरभरा गाण्यावर येत न्हाई."

* * *

याच सलीमनं पहिल्यांदा माझ्या खोलीत गिटार लावलं, त्या दिवशी शांताबाई दळण घेऊन उभ्या होत्या. थोडा वेळ त्यांनी कान दिला आणि म्हणाल्या, "आबा, पट्टा तुटायलाय बगा. चक्की लय कन्हायलीय."

मी म्हणालो, "चक्की न्हाई बाई, ते गिटार हाय."

"काई बी असू द्या," त्या म्हणाल्या, "जरा तेल घाला!"

* * *

शिवा बेस वाजवतो. बेस म्हणजे ते जाड तारांचं, पोटात घुमणारं गिटार. बाप किराणा दुकानदार, आजोबा शिवभजनातले. लहानपणी भजनाला आजोबांच्या मांडीवर झोपायचा. बाकीचं भजन कानावरून जायचं, पण एकतारीचा तो एकच सूर त्याच्या डोक्यात घुमत राहायचा.

मोठा झाल्यावर बापाला गळ घालून बेस आणवला. बापानं पेटी उघडली, तारा बघितल्या आणि पेटी पुन्हा बंद केली. "फसवलं! सलीमच्याला सहा तारा हायत, ह्याला चारच! उद्या जातो अन् विचारतो, राहिलेल्या दोन कवा देता?"

शिवानं परोपरीनं सांगितलं, हे असंच असतं. बाप कसला ऐकतो? दुकानदार माणूस, कमी माल घरात ठेवील का! शेवटी आजोबा कोपऱ्यातून बोलले, "मला एका तारेवर शिव भेटला. त्याला चार हायत. बास झाल्या की!"

* * *

पोरांनी खोलीच्या दारावर पाटी रंगवून घ्यायची ठरवली. पेंटरला सांगितलं, 'रॉक बँड' लिही. पेंटर भला माणूस. त्याला वाटलं, पोरांचा शब्द अर्धा राहिलाय. त्यानं मनानंच पुरा केला. 'रॉकेल बँड'!

सकाळी चक्की उघडली तर दळणाच्या डब्यांपेक्षा कॅन जास्त. एक म्हातारा रांगेतल्या दुसऱ्याला सांगत होता, "रॉकेल बंद झालं म्हनत होते. हितं बँड लावून वाटायलेत!"

हे ऐकून दिगू पोत्यावर लोळून हसला. पण हसताना त्याच्या गळ्यातून नुसती हवा निघाली. आमचं हसू तिथंच विरलं. बालाजी म्हणाला, "दिगू, हळू रे."

* * *

आता दिगूचं. पालमच्या स्टँडवर तो जीपसाठी प्रवासी बोलवायचा. त्याचं गाणं त्या हाळीतूनच निघालं. गावाचं नाव तो नुसतं सांगायचा नाही, वर न्यायचा, हलवायचा, अलगद खाली आणायचा. राणीसावरगाव त्याचं लाडकं. म्हणायचा, "आबा, लय ऐसपैस नाव हाय. आत फिरायला जागा हाय."

ड्रायव्हर मात्र वैतागलेला. "दिग्या, तुझं नाव घिऊन हुईस्तवर एसटी भरून निघून गेली!"

तो परभणीला तपासणीला निघाला, तेव्हा मी चक्की बंद ठेवली. आम्ही सगळेच गेलो. दिगू आणि त्याची आई पडद्याआड डॉक्टरांकडं, आम्ही बाहेर बाकावर. माझ्या शेजारी एक म्हातारी, कान दाखवायला आलेली. आतल्या माणसानं तिला नावानं हाका मारल्या, तिला पत्ताच नाही. लेक कानाशी तोंड नेऊन ओरडायचा, "आई, नंबर आलाय!" म्हातारी म्हणायची, "जेवले की सकाळीच!"

आतून डॉक्टर म्हणाले, "हं, बोला आता काहीतरी."

काही नाही. मग नुसती खरखर. बालाजीनं माझा हात धरला.

"घाबरू नका. रोज जे बोलता, तेच बोला."

दिगूच्या आईचा आवाज आला, "बोल माझ्या राजा."

पुन्हा काही नाही. आणि मग पडद्याआडून आलं, आधी बारीक, थरथरतं, मग चढत चढत छताला लागलेलं, "राऽऽणीसावरगाऽऽव! चला राऽऽणीसावरगाऽऽव!"

सलीम रडायला लागला. शिवा भिंतीकडं तोंड करून उभा राहिला.

माझ्या शेजारची म्हातारी मात्र पिशवी काखेला मारून ताडकन उठली.

"थांब रे बाबा! गाडी सोडू नको, म्या आले!"