झिजलेलं फूल

केडगावात चांदी उजळून देणारे एक काका आहेत. आमच्या देवघरातले टाक, देवांचे आणि घरातल्या गेलेल्या माणसांचे, मी दर नवरात्राआधी त्यांच्याकडे नेते. ते गिऱ्हाइकाकडे बघत नाहीत, हातातल्या चांदीशीच बोलतात, त्यामुळे मला तिथे अवघडल्यासारखं होत नाही. उजळलेले टाक ते लाल फडक्यात, मूठभर तांदळावर ठेवून देतात.

यंदा मी आईचा चांदीचा चहाचा कप नेला. त्यावर चिनी पद्धतीची नक्षी आहे, लांब शेपटीचे पक्षी आणि फुलं. कपाच्या कानाजवळचं एक फूल आईच्या अंगठ्याने झिजून सपाट झालं होतं. काका अशी नक्षी न सांगता पुन्हा कोरतात. एवढं फूल सोडा, असं म्हणायचं होतं.

"कुनाचा हाय?" त्यांनी विचारलं.

"आईचा होता," एवढंच मला बोलता आलं.

चार दिवसांनी गेले. पक्ष्यांचं पीस न् पीस उठून दिसत होतं. फूल मात्र तसंच सपाट होतं.

"हितं अंगठा टेकायचा व्हय बाईंचा," काका कपाला म्हणाले. मग लाल फडकं पसरून त्यांनी तांदूळ घातले आणि त्यावर कप ठेवला.

"काका, हा टाक नाही. कप आहे."

"कपच हाय की," म्हणत त्यांनी फडक्याला गाठ मारली.