पावती माझ्याकडेच राहिली

बायकोला माझं सगळं ठाऊक आहे – कुठे दुखतं, कुणाशी बोलत नाही, कुठल्या देवाला काय बोललो होतो ते. एवढं एक सोडून. हे मी तिच्यापासूनही राखलं. तुम्हाला का सांगतोय? तुम्ही मला ओळखत नाही, म्हणून असेल.

आधी राग सांगतो. तो सांगणं सोपं आहे.

मसुऱ्याच्या अलीकडे आमचं भात आणि थोडे काजू. वडिलांच्या वेळेपासून घरात शेतसंरक्षणाची ठासणीची बंदूक, परवान्याची. आवाज काढायचा, डुकरं पळवायची, एवढाच तिचा उपयोग. निवडणूक आली की ती पोलीस ठाण्यात जमा करायची, पावती घ्यायची, निकाल लागला की सोडवून आणायची. विधानसभेची निवडणूक नेमकी भात पिकतं तेव्हा येते. माणसांची मतं मोजून होईपर्यंत डुकरं आपलं काम उरकून घेतात. पण कायदा तो कायदा. मी कधी एक दिवस उशीर केला नाही.

त्या वर्षी ठाण्यात नवा साहेब होता, घाटावरून आलेला. पडवीत आम्ही आठ-दहा जण रांगेत उभे, प्रत्येकाच्या हातात कापडात गुंडाळलेली बंदूक. साहेबानं माझी उघडली, नळीला नाक लावलं. “किती डुकरं खाल्ली?” मी म्हटलं, साहेब, परवाना आहे. वडिलांपासूनचा. “परवाना मी दिलेला नाही. माझ्या लेखी बंदूकवाला म्हणजे अर्धा गुन्हेगार.” मी म्हणालो, “मग अर्धा गुन्हेगार स्वतःच्या पायानं बंदूक आणून देतो का?” आणि त्यानं माझ्या थोबाडीत मारली. साठीला आलेल्या माणसाच्या. सगळ्यांसमोर.

वर तक्रार केली. चौकशीला कोणी आलं, तेव्हा रांगेतल्या एकालाही काही दिसलेलं नव्हतं. कुणाची पाठ होती, कुणी चप्पल शोधत होता. बाबल हवालदार म्हणाला, मी आत होतो. तो खरंच आत होता – बंदुकांना चिठ्ठ्या बांधत होता. हे मला तेव्हाही माहीत होतं. लक्षात ठेवा.

निकालानंतर मी बंदूक आणायला गेलो. भरदुपार होती. उशिरा पिकणारं गरवं भात अजून शेतात उभं होतं. नोंदवही साहेबाच्या कपाटात, किल्ली साहेबाकडे, साहेब बैठकीला गेलेला. बाबल शेजारच्या वाडीतला, लहानपणापासून ओळखीचा. म्हणाला, “गरव्या भातात डुकरां पडतत मां? ने तू. सही उद्या येवन कर. पावती पन तेवाच दी.” मी बंदूक घेऊन आलो. दुसऱ्या दिवशी गेलो नाही. तेव्हा मनात काही नव्हतं, साहेबाचं तोंड बघायचं नव्हतं इतकंच. बाबलनं दोनदा निरोप पाठवला. येतो म्हणून सांगितलं.

मग वरच्या कचेरीतून तक्रारीचं उत्तर आलं. ‘तथ्य आढळून आले नाही.’ ते पत्र मी खणात टाकायला गेलो आणि खणात ती पावती होती.

कळलं ना?

थपडेला साक्षीदार नव्हता. खोट्याला शिक्क्याची पावती होती! ठाण्यातून बंदूक गहाळ म्हणजे साहेबाची नोकरी गेली, असा माझा हिशेब. मला त्याला रांगेत उभा बघायचा होता, हातात टोपी धरून. दोन रात्री त्याच सुखात मला छान झोप लागली. तिसऱ्या दिवशी सकाळी, कालवं काढायला जातो असं बायकोला सांगून मी होडी घेतली आणि वडिलांची बंदूक कालावलच्या खाडीत सोडली. वाईट वाटलं का? नाही. आनंद झाला.

मग पावती घेऊन जिल्ह्याला गेलो – माझी बंदूक द्या. खरं बोललो तेव्हा बाकावर बसवलं होतं, आता खुर्ची दिली. चहा आला. दोन दिवसांत जीप दारात.

चौकशीच्या दिवशी साहेब माझ्यासमोर बसला होता. आरामात. तिथेच मला कळलं. बंदुकांचा ताबा कुणाकडे? बाबलकडे. वहीत सही नाही, जबाबदार कोण? बाबल. साहेबाच्या अंगाला माझी साधी धूळसुद्धा लागणार नव्हती. तेव्हा मी उठायला हवं होतं ना? सांगायला हवं होतं ना, की बंदूक मला मिळाली? माझं खोटं मी कबूल केलं असतं, तर साहेब हसला असता. तो माझ्याकडे बघून हसेल – हे मला बाबलच्या नोकरीपेक्षा जड वाटलं.

आत बोलावण्याआधी बाबल पडवीत माझ्याजवळ आला होता. हळू आवाजात म्हणाला, “ह्या हातांनी तुका बंदूक दिलंय रे. इसारलंस काय?”

मी त्याला उत्तर दिलं, “मला काही मिळालेलं नाही, हवालदारसाहेब.” जन्मात पहिल्यांदा मी त्याच्याशी कचेरीच्या मराठीत बोललो. तो दोन पावलं मागे सरकला. पुन्हा माझ्याशी बोलला नाही.

आत मी तेच सांगितलं. सही केली. ही सही मात्र वेळेवर केली.

बाबल निलंबित झाला. निवृत्तीला दीड वर्ष उरलं होतं. साहेबाची बदली झाली, मोठ्या शहरात. चोर सोडून संन्याशाला फाशी म्हणतात, पण त्या म्हणीत फाशी देणारा कोण असतो ते सांगत नाहीत.

गावात बोलतात, बाबलनं ती बंदूक दोडामार्गाकडच्या शिकाऱ्यांना विकली. माझ्यासमोर बोलतात. मागच्या शिमग्यात हॉटेलात एकानं मला विचारलं, “तुझीच मां रे ती?” मी म्हटलं, “होय, बापाशीची.” लोक हळहळले. बाबल तेव्हा बाहेर रस्त्यानं चालला होता. कुणी त्याला हाक मारली नाही. मीही नाही.

साहेबावरचा राग गेलेला नाही. तो उद्या बुडाला तर मी नारळ फोडीन. पण बाबलनं बंदूक विकली नाही. त्यानं ती मला दिली, दिवसाढवळ्या, माझं भात वाचावं म्हणून. मी ती दोन्ही हातांनी घेतली.