बगरूपर्यंत हेडसेट घालून

आधी एक दुरुस्ती. मागच्या लेखात मी लिहिलं होतं की वैमानिकांचा तो हेडसेट आईच्या कानांना शहराबाहेरच्या बगरू गावापर्यंत आरामात बसला. ते खरं नव्हतं. ते वाचून कोणी खरेदीला निघण्याआधी तो दिवस पुन्हा सांगते.

मला नुकताच वैमानिकाचा परवाना मिळालाय आणि माझी पहिली प्रवासी आई असणार आहे. बाबांच्या बँकेतल्या बदल्यांमुळे चौथीपर्यंत तिनेच मला घरी शिकवलं. प्रत्येक उत्तर ताडून बघायची सवय तिचीच. शनिवारी आम्ही दोघी घरून, खातीपुऱ्याहून, रिक्षाने शहरातल्या सी-स्कीम भागात वैमानिकांचं सामान विकणाऱ्या दुकानात गेलो. दुकानात पाय ठेवताच मला संशय आला, कारण खोक्याचं सील आधीच उघडलेलं होतं. मी खोक्यावरचा नंबर हेडसेटवरच्या नंबराशी जुळवला, कानांच्या गाद्या दाबून पाहिल्या, त्या सुट्या मिळतात का ते विचारलं. प्लग विमानाचा आहे की हेलिकॉप्टरचा, तेही पाहिलं. दोन्ही वेगळे असतात.

"मॅडम, इतनी पूछताछ तो पुलिस भी नहीं करती," दुकानदार म्हणाला.

"एसी में तो कोई भी हेडसेट अच्छा लगेगा, भैया," मी म्हणाले.

शेवटी अनामत ठेवून आठवड्यासाठी दोन हेडसेट घेतले. तुम्हीही असंच करा. गोंगाटात, चष्मा असेल तर चष्म्यासकट, निदान तासभर घालून बघा.

बगरूला जायला मुद्दाम खडखडणारी डिझेल जीप ठरवली. थांबण्याचे पैसे वेगळे मागतात, आधीच बोलून घ्या. माझ्या चष्म्याच्या काडीपाशी फट राहून इंजिनाचा आवाज आत येत होता. मागे बसलेल्या आईला खुणेने विचारलं की ती अंगठा दाखवायची.

बगरूत कापडावर ठसे मारणाऱ्या बाईंनी तिला विचारलं, "माताजी, गाना कौन सा चल रहा है?"

आईने एक कान मोकळा केला. "गाना नहीं, बेटी का इम्तिहान चल रहा है."

आम्ही एक चादर घेतली. रंग पक्का आहे ना, म्हणून मी ओला रुमाल घासून पाहिला. पक्का होता.

घरी परतून मी लेख टाकला. मग जेवताना पाहिलं, तर आईने पदर कानावरून घेतला होता. घरात ती असा पदर कधीच घेत नाही. मी तो बाजूला केला. कानाच्या वरच्या कडेला ती मोत्याची बुगडी घालते. तिच्याभोवती कान लाल होऊन सुजला होता. सगळा रस्ता बुगडी गादीखाली रुतत होती.

"सांगितलं का नाहीस?"

"दोनदा पुढे ढकललंस उड्डाण. आणखी एक खोट सापडली असती तर मला नेलंच नसतंस."

"आणि वर चक्कर आली तरी अंगठाच दाखवला असतास?"

तिने पोळीचा तुकडा मोडला, पण खाल्ला नाही. "दाखवला असता," ती म्हणाली.

दुकानदाराचा शब्द मी खोक्याच्या नंबरापर्यंत तपासला, आणि आईचा अंगठा बघून लेख लिहून टाकला. सोबत बसलेलं माणूस दुखणं लपवणार असेल, तर महागातला हेडसेटही काय कामाचा.

"उड्डाणाच्या दिवशी बुगडी काढून ठेवीन," ती म्हणाली.

"नको. बुगडीसकट बसेल असा खोल गादीचा बघू. पण दुखतंय की नाही, ते तू तोंडाने सांगायचंस."

कान तोवर बरा होईल. गुरुवारी सकाळी, दुकान उघडताच, हे दोन्ही परत करून तसा हेडसेट बघायला जाणार आहोत.