झाकणावरचा बारकोड

मी मानेसरच्या एका गोदामात स्टॉक सांभाळते. हजारो खोकी आहेत, आणि कुठलं खोकं कुठल्या फळीवर आहे हे मला झोपेतून उठवून विचारलं तरी सांगेन. असं असताना माझ्याच सासूबाईंचा पोळ्यांचा डबा पानिपतला हरवावा आणि मला तो सापडू नये, हे माझ्या फार जिव्हारी लागलं होतं.

आमच्या गुरुग्रामच्या सोसायटीत मराठी घरं तीसेक. दर जानेवारीत एक बस करून आम्ही काला अंबला, म्हणजे पानिपतच्या युद्धस्मारकाला जातो. दिल्लीकडे राहायला आलेल्या मराठी माणसाला वर्षातून एकदा तिथे जाऊन गंभीर व्हावंसं वाटतंच. स्तंभापुढे उभं राहायचं, फुलं वाहायची, डोळे पुसायचे, आणि मग बागेत सतरंज्या टाकून इतकं जेवायचं की परतीच्या वाटेवर अख्खी बस घोरते.

गेल्या वर्षी मात्र कोणी घोरलं नाही. डबा हरवला म्हटल्यावर आईंचा (सासूबाईंना मी आईच म्हणते) पारा चढला, आणि शेजारच्या सीटवर बसलेल्या नागपूरच्या काकूंना त्या सगळ्यांदेखत म्हणाल्या, "आवराआवर तुम्हीच केलीत ना? तुम्हा नागपूरकरांना काय, कुणाचाही डबा आपलाच!" अहो, काकू केंद्र सरकारच्या कचेरीतून अधिकारी म्हणून निवृत्त झालेल्या. जन्मात सरकारी टाचणीसुद्धा घरी नेली नसेल त्या बाईने. वाटेत मुरथलच्या ढाब्यावर पराठे खायला सगळे उतरले, काकू बसमध्येच बसून राहिल्या.

तेव्हापासून अबोला. आधी दोघी रोज संध्याकाळी सोसायटीच्या ट्रॅकवर बरोबर फिरायच्या. आता काकू घड्याळाच्या दिशेने फिरायला लागल्या, म्हणून आई उलट्या दिशेने. म्हणजे झालं काय, तर प्रत्येक फेरीत दोनदा समोरासमोर यायची वेळ! तेवढ्यापुरत्या दोघी मोबाईल काढून त्यात डोकं घालायच्या. आईंच्या मोबाईलचं तर बऱ्याचदा चार्जिंगच संपलेलं असायचं.

हसू यायचं, पण वाईटही वाटायचं. सासरे गेल्यावर आम्ही आईंना पुण्याहून उचलून अठराव्या मजल्यावर आणून ठेवलं होतं. त्यांचं हिंदी म्हणजे मराठी वाक्याला शेपटी. "कोथिंबीर ताजी है का?" असं त्या भाजीवाल्याला विचारायच्या. मन मोकळं करायला त्यांना इथे एकट्या काकू होत्या, आणि त्यांनाच आई स्वतःच्या जिभेने घालवून बसल्या होत्या. चूक कळलेली होती. पण माफी मागायची म्हटलं की आईंची मान अशी काही ताठ व्हायची की विचारायची सोय नाही.

यंदा पानिपतची यादी निघाली तशा त्या म्हणाल्या, "मी नाही येणार. पुन्हा कोणाचा डबा हरवला तर?"

"हरवणारच नाही," मी म्हटलं. "मी मशीन आणते."

आमच्या गोदामात एक जुना हँडहेल्ड पडून होता. हँडहेल्ड म्हणजे हातात धरायचं मशीन, वर छोटी स्क्रीन, खाली बंदुकीसारखा खटका. बारकोडवर धरून खटका दाबला की टीं वाजतं आणि वस्तूची नोंद होते. साहेबांना मस्का लावून मी तो घरी आणला. प्रत्येक डब्याला बारकोडचं स्टिकर लावायचं, बसमध्ये चढताना स्कॅन, उतरताना स्कॅन. एवढी साधी गोष्ट मला वर्षभर कशी सुचली नाही, याचंच नवल वाटत होतं.

शनिवारी दुपारी डायनिंग टेबलावर मशीन मांडलं. बॅटरी चार्ज केली, तारीख दुरुस्त केली, डबा क्रमांक, घर क्रमांक, गेला की आला, असे रकाने तयार केले. आता याची एक गंमत असते. आवाज, दिवा वगैरे बटणं दाबून बदलता येत नाहीत. त्याची एक पुस्तिका असते, तिच्यात पानापानांवर बारकोड छापलेले असतात. एक दाखवला की आवाज वाढतो, दुसरा दाखवला की कमी होतो. म्हणजे मशीन फक्त लेखी हुकूम पाळतं. आमच्या नवऱ्यापेक्षा बरं.

मी चहा ठेवायला आत गेले आणि आईंनी खटका दाबला. गुळपोळीचं सारण मळता मळता, त्याच हाताने! मी धावत आले तर मशीन टँऽऽव करून किंचाळत होतं. आवाज सगळ्यात मोठा करायचा बारकोड त्यांनी नेमका शोधून काढला होता.

"अहो आई! काय केलंत?"

"काही नाही गं. बघत होते वाजतं का."

आवाज कमी करायच्या बारकोडवर गुळाचा अंगठा उमटला होता. पुसायला गेले तर कागदच फाटला. दुसरी पुस्तिका गोदामात, आणि गोदाम सोमवारपर्यंत बंद. नवरा म्हणाला, "राहू दे यार, गोंगाटात कोणाला ऐकू येतंय." या माणसाचं ऐकून माझं आजवर कधी भलं झालेलं नाही.

रविवारी सकाळी सहाला गेटवर बस उभी. धुकं असं की ड्रायव्हर दिसत नव्हता, नुसता त्याचा खोकला ऐकू येत होता. मी स्टिकरांची गुंडाळी घेऊन दाराशी. डब्याच्या कडेला स्टिकर लावावं तर ती गोल, स्कॅन होईना. बुडाला लावावं तर डबा उलटा करावा लागणार, आणि आत रस्सा. मी हुशार, झाकणावर लावली. छान सपाट झाकणं, टँव, टँव, टँव, बत्तीस डबे दहा मिनिटांत. आमचा अकरा नंबर. काकूंचा बारा, कारण त्या नेमक्या आमच्या मागेच उभ्या होत्या. आई धुक्याकडे बघत होत्या, काकूही धुक्याकडे बघत होत्या. बघण्यासारखं दुसरं काही नव्हतंच म्हणा.

काला अंबला फुलं वाहून झाली आणि आमच्यातल्या ज्येष्ठ काकांनी दोन मिनिटं स्तब्ध उभं राहायला सांगितलं. सगळे माना खाली घालून उभे. काय शांतता! आणि माझ्या पर्समधून, टँऽऽव. मी पर्स घट्ट दाबली. टँव. टँव टँव. आत थर्मास खटक्यावर रेलला होता, आणि समोर होता बिस्किटाचा पुडा. मशीन बिचारं इमानाने त्याच पुड्याची पुन्हा पुन्हा नोंद करत होतं. मी थर्मास उपसून काढेपर्यंत अठरा पुडे भरले होते. काका डोळे न उघडता म्हणाले, "कोणाचा तरी फोन आहे."

पलीकडच्या रांगेत काकूंनी पदर तोंडाला लावला. खांदे हलत होते, पण ते रडणं नव्हे. इकडे आईंचेही हलायला लागले. क्षणभर दोघींची नजर भिडली, आणि लगेच दोघी पुन्हा गंभीर. मला वाटलं, चला, जमतंय की काय! पण जेवायला दोघी सतरंजीच्या दोन टोकांना बसल्या.

जेवणं झाली, नळावर डबे धुतले गेले, बसमध्ये चढताना मी पुन्हा सगळं स्कॅन केलं. बत्तीसच्या बत्तीस! मी ड्रायव्हरशेजारी उभी राहून जाहीर केलं, "एकही डबा हरवलेला नाही!" टाळ्या पडल्या. खोटं कशाला बोलू, मला फार भारी वाटलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी सोसायटीच्या मराठी ग्रुपवर आग लागली. वाढताना बायकांनी झाकणं काढून एकावर एक रचली होती, आणि आपल्या लोकांचे स्टीलचे डबे एका मापाचे. धुतल्यावर हाताला येईल ते झाकण बसेल त्या डब्यावर! स्टिकर झाकणावर, स्कॅन झाकणाचा. मी पानिपतहून बत्तीस झाकणं सुखरूप आणली होती.

आमच्या घरात आमचं झाकण, आणि खाली जो डबा, त्याच्यावर काकूंच्या यजमानांचं नाव कोरलेलं.

"सिस्टिममध्ये बरोबर आहे हो," मी हटून म्हटलं.

"मग तुझ्या सिस्टिमला म्हणावं, पोळ्या झाकणात ठेव," आई म्हणाल्या.

दोन दिवस खाली लॉबीत डब्यांचा बाजार भरला आणि तीस डबे आपापल्या घरी गेले. उरले दोन, आमचा आणि काकूंचा. मी म्हटलं, मी बदलून आणते. पण रिकामा डबा परत द्यायचा नसतो. आईंनी चार गुळपोळ्या केल्या, काकूंच्या डब्यात भरल्या, वर आमचंच झाकण लावलं, आणि माझ्या हाती पाठवल्या.

काकूंनी दार उघडलं, डबा घेतला. "थांब बेटा, रिकामा कसा देऊ? उद्या पाठवते."

दुसऱ्या दिवशी सांबारवडी आली, म्हणजे कोथिंबिरीचं सारण भरलेली ती नागपूरची खमंग वडी. पण आली कशात? पुन्हा त्यांच्याच डब्यात, आमच्या झाकणाखाली! आमचा डबा त्यांच्याकडेच. आईंनी त्याच डब्यात मटारच्या करंज्या भरल्या. तिकडून सुरळीच्या वड्या आल्या. इकडून साटोऱ्या. दोन आठवडे मी दोन टॉवरच्या मध्ये हेलपाटे घालत होते, आणि सवयीने प्रत्येक वेळी स्कॅन करत होते. अकरा गेला, अकरा आला, अकरा गेला, अकरा आला. मला भीती वाटायला लागली की दोघींचं डोकं तर ठिकाणावर आहे ना? यजमानांचं नाव डोळ्यांसमोर कोरलेलं, आणि कोणालाच दिसू नये?

शिवाय मशीन परत करायचं होतं, आणि ताळा न जुळलेला स्टॉक माझ्या घशाखाली उतरत नाही. एके दिवशी काकूंची सून लॉबीत भेटली. मी तिला वरून आमचा डबा आणायला सांगितला, काकूंचा धुऊन तिच्या हातात दिला, झाकणं बदलली. टँव, टँव. बत्तीस डबे, बत्तीस झाकणं, सगळं जिथल्या तिथे. घरी येऊन मी डबा ओट्यावर ठेवला आणि म्हटलं, "आई, झालं एकदाचं!"

त्यांनी डबा उचलला. बुडाकडे बघितलं. आमच्या सासऱ्यांचं नाव. मला वाटलं खूश होतील.

"तुला कोणी सांगितलं होतं?"

"अहो, पण आपला डबा..."

"एक डबा नसता तर काय उपाशी मरणार होतो आपण? वर्षभर ज्या बाईला तोंड दाखवायची लाज वाटत होती, तिच्या घरी रोज काहीतरी जात होतं. तिच्याकडून येत होतं. आता कशाच्या निमित्ताने पाठवू?"

मी तिथेच स्टुलावर बसले. एवढी मोठी स्टॉकवाली मी, आणि दोन आठवडे माझ्याच हातातून काय जातंय-येतंय ते मला दिसलं नव्हतं. मला रडूच आलं. "चुकलं माझं," मी म्हटलं.

तीन दिवस काही गेलं नाही, काही आलं नाही. आई स्वयंपाक करायच्या, पण मोजूनमापून, घरच्यांपुरता. चौथ्या दिवशी त्यांनी इस्त्रीची साडी नेसली आणि म्हणाल्या, "चल माझ्याबरोबर. लिफ्टमध्ये तो गार्ड हिंदीत बोलायला लागतो." मी सवयीने डब्याकडे हात नेला. "राहू दे. रिकाम्या हातानेच जाऊ."

काकूंनी दार उघडलं. आईंनी पदर सारखा केला, घसा खाकरला, पुन्हा पदर सारखा केला. मग एका दमात म्हणाल्या, "मागच्या वर्षी बसमध्ये मी तुम्हाला फार वाईट बोलले. खोटं बोलले. चुकले मी."

मी दाराची चौकट धरून उभी.

"बाप्पा बाप्पा," काकू म्हणाल्या, "मी तर मुद्दामच माझाच डबा पाठवून राहिली होती. म्हटलं, आपला डबा मागायला, भांडायला, कशाला तरी या माझ्या दारात याल."