मायचा डावा डोळा

माझ्या उजव्या डोळ्याची गोष्ट आधी सांगायला हवी, कारण पुढची सगळी भीती तिथूनच आली. त्यात मोतीबिंदू झाला तेव्हा एक सुईवाला गावात फिरत आला होता. त्याने मला ओसरीवर बसवून बुबुळाच्या कडेने सुई घातली, आणि खरंच, त्याची चार बोटं मला दिसली. सारं गाव बघायला जमलं. तिसऱ्या दिवशी डोळा ठणकायला लागला तोवर तो कुठल्या कुठे निघून गेला होता, आणि पंधरवड्यात डोळा कायमचा गेला. पुढे डाव्या डोळ्यातही पांढरं उतरू लागलं, तेव्हा मी ठरवून टाकलं की याला कोणाचा हात लागू द्यायचा नाही. तलावाच्या पाळीवर, म्हणजे बांधावर, बसलेल्या मातामायची पूजा आमच्या घराकडे पिढ्यान्‌पिढ्या आहे. गावाला राखणारी माय पुजाऱ्याचा एक डोळा राखणार नाही का, असं मी लोकांना सांगत असे. मनातून मात्र भ्यालो होतो, आणि खरं सांगायचं तर मायवर रागावलोही होतो.

दर मंगळवारी पहाटे मायला शेंदूर लावायचा आणि तिचे चांदीचे डोळे मेणाने बसवायचे, ही आमची रीत. ते करून मी तलावावर शेंदराचे हात धुवायला जाई आणि मागून बायको सडा घालायला येई. दिसेनासं झालं तरी मी हे काम सोडलं नाही. पावलं मोजत देवळात जायचं, बोटांनी मूर्ती चाचपायची. दगडातल्या डोळ्यांच्या खाचा शेंदराने बुजत आल्या होत्या, तरी मला वाटे, बोटांना सारं पाठ आहे. कधी कोणी नावं ठेवली नाहीत, म्हणून मीही निर्धास्त होतो.

त्या हिवाळ्यात बायको लेकीच्या बाळंतपणाला गेली. त्यानंतरच्या पहिल्याच मंगळवारी पूजा आटोपून पायरीवर बसलो होतो, तर सुक्या मासळीचा वास आला. परगावची कोणी मासे विकणारी ढिवर बाई डोक्यावरची टोपली उतरवून पाया पडायला थांबली होती. तिने मायपुढे डोकं टेकलं. मग हळूच म्हणाली, "भाऊ, मायचा डावा डोळा गालावर उतरून राह्यला."

मला संताप आला. मी तिला म्हटलं, पिढ्यांची पूजा आहे, तू मला शिकवू नको. ती काही रागावली नाही. माझा हात धरून तिने मला आत नेलं आणि माझं बोट रिकाम्या खाचेत ठेवलं, मग तिथून खाली गालावरच्या चांदीपर्यंत आणलं. अंतर दोन बोटांचं होतं. मला रडू फुटलं. एवढ्या वर्षांच्या सेवेत असं लाजिरवाणं मला कधी वाटलं नव्हतं.

तिने डोळा सरळ बसवला आणि आपला चष्मा काढून माझ्या हातात दिला. काच चांगली जाड होती. तिचाही मोतीबिंदू काढला होता म्हणे. चिमूरच्या शाळेत डोळ्यांचे डॉक्टर आले आहेत, चार दिवस राहतील, हेही तिनेच सांगितलं. मी म्हटलं, मला भीती वाटते.

"वाटन ना. मले नोयती वाटली का? भेव संग घेऊन जा," ती म्हणाली, आणि टोपली उचलून चालू लागली.

दुसऱ्या दिवशी मुलाने बंडी जुंपली. डॉक्टरांनी मला नीट समजावलं. मोतीबिंदू म्हणजे डोळ्यावर आलेला पडदा नव्हे. बुबुळाच्या आत काचेसारखा मणी असतो, तो भाताच्या पेजेसारखा गढूळ होतो. सुईवाल्याने तो नुसता आत ढकलला होता. हे डॉक्टर तो बाहेर काढणार होते. मधाने किंवा कांद्याच्या रसाने तो विरघळत नाही. सगळ्यांनाच दिसू लागतं असं ते म्हणाले नाहीत, पण ठेवला तर हाही डोळा जाईल, हे त्यांनी स्पष्ट सांगितलं. मी उठून बंडीपाशी परत आलो. बैलाच्या पाठीवर हात ठेवून बराच वेळ उभा राहिलो. भीती काही कमी झाली नाही. मग त्या बाईचं बोलणं आठवलं, आणि भीतीसकट आत गेलो.

नंतर सहा दिवस दोन्ही डोळ्यांना पट्टी बांधून उताणं पडायचं होतं. खोकलायचंही नव्हतं. निरोप मिळताच बायको आली आणि माझं डोकं दोन्ही हातांत धरून बसली. मी तिला गालावरच्या डोळ्याची हकीगत सांगितली. तिने एवढंच विचारलं, "त्या दिवशी सरळ कोनं केला मंग?" त्या प्रश्नात काय होतं ते मला तेव्हा उमगलं नाही.

दीड महिन्याने चष्मा मिळाला. पुढच्या मंगळवारी मी मायचे डोळे बरोबर खाचेत बसवले आणि हात धुवायला न जाता लिंबाखाली बसून तिच्याकडे बघत राहिलो. पोटभर बघत होतो. तेवढ्यात बायको सड्याची बादली घेऊन आली. मी बसलोय हे तिला ठाऊक नव्हतं. तिने बादली ठेवली, अंगठा पदराला पुसला आणि सवयीने मायच्या डाव्या डोळ्याकडे नेला. डोळा जागेवर होता. अंगठा तसाच राहिला. मग तिने हात जोडले.

मी जवळ जाऊन विचारलं, कधीपासून? लेकीच्या लग्नापासून, ती म्हणाली. म्हणजे चार वर्षं.

"सांगतलं काऊन नाई?"

"सांगतलं असतं तं तुमी देवळात पाय ठेवला नसता."

त्या ढिवर बाईविषयी मी तलावातलावांवर विचारत फिरलो, ती सापडली नाही. मायच आली होती, असं गावातले लोक म्हणतात. मी वाद घालत नाही. सुक्या मासळीचा वास आला की आजही हात जोडले जातात. माय मला राखत नाही म्हणून मी रुसलो होतो, आणि दर मंगळवारी ती माझ्या मागून बादली घेऊन येत होती.

आता मायचे डोळे बायकोच बसवते. मी दिवा धरतो.