फक्कीचं घर

दिनानाथ कर्णिक माझ्यावर पहिल्यांदा ओरडले, ते मी भिंतीतून चालत गेले म्हणून.

मी जागच्या जागी थिजले. पालेगावचा उघडा माळ, जानेवारीचं ऊन, माझ्या हातात चहाची किटली, आणि एरवी मान वर करून न बोलणारा हा माणूस ओरडतोय, "वहिनी, दारातून या! तिथे भिंत आहे!" खाली बघितलं तर मैदानावर आखतात तशी पांढऱ्या फक्कीची रेघ. माझा पाय बरोबर तिच्यावर पडलेला.

"हा हॉल," कर्णिक समजावू लागले. "हे स्वयंपाकघर. ही बाल्कनी. आणि ती माईची खोली." खरोखरच त्या चौकोनात त्यांची आई, माई, सतरंजीवर पाय पसरून बसल्या होत्या. मी मुकाट्याने मागे फिरले आणि रेघेत जिथे फट सोडली होती तिथून आत गेले. दुसरं काय करणार?

अंबरनाथ पश्चिमेला कंपनीच्या कॉलनीत आम्ही शेजारी राहायचो. कर्णिक कारखान्याच्या तपासणी खात्यात. माल पास की नापास ते ठरवायचे, आणि नापास करण्यात त्यांचा हात धरणारं कुणी नव्हतं. कंपनीची दोन खोल्यांची जागा नोकरीपुरतीच. निवृत्त झालं की किल्ली परत. म्हणजे आज ना उद्या स्वतःचं घर घ्यायलाच हवं होतं. त्यांची बायको कुंदा उल्हासनगरला, कॅम्प एकमधल्या शाळेत शिकवायची. मुलगी मीनल तेव्हा फ्रॉकमध्ये होती. माईंची पथारी स्वयंपाकघरात, जुन्या लुगड्याच्या पडद्याआड. सकाळी कुंदा गॅस पेटवायची तो आवाज माईंच्या उशाशी व्हायचा. माईंचं मागणं एकच होतं. त्या मला म्हणायच्या, "दार लावता येईल अशी खोली हवी गं. कडी आतून असली म्हणजे झालं."

तर त्या ब्याऐंशी सालच्या थंडीपासून कर्णिकांनी हे सुरू केलं. वालाच्या शेंगा भरल्या की रविवार ठरवायचा आणि विकायला निघालेल्या एखाद्या प्लॉटवर पोपटी लावायला जायचं. माठ आणि भांबुर्ड्याचा पाला पालेगावात शेती करणाऱ्या अनंताकडून. माठात पाला, शेंगा, बटाटे, अंडी, ओवा, मीठ. मग माठ उलटा ठेवून भोवती गवत-काटक्यांचा जाळ. आम्हीही हौसेने जायचो. मुलं हुंदडायची, आमचे हे झाडाखाली घोरायचे. कर्णिक मात्र तपासणीला आलेले असायचे. फक्कीने घर आखायचं, स्वयंपाकघराच्या चौकोनात जाळ करायचा आणि धूर कुठे जातो ते बघायचं. धूर हॉलमध्ये शिरला की जागा नापास.

त्या पहिल्या जागेवर वारा फिरला आणि धुराचा लोट सरळ हॉलमध्ये आला. आम्ही सगळे डोळे चोळत बाहेर पळालो, तेही दारातून. माई तेवढ्या आपल्या चौकोनात बसून राहिल्या. त्यांच्याकडे धूर गेलाच नव्हता.

"मला ही खोली पसंत आहे, दिना," त्या म्हणाल्या. "समोर चिंच आहे. घेऊन टाक."

"घर धुराने भरेल, माई."

"मग भरू दे."

पण तपासनीस ऐकतो होय! नापास.

पुढे बदलापूरला नदीकडची एक जागा झाली, तिथे पश्चिमेचं ऊन. उल्हासनगरला नाल्याचा वास. अंबरनाथलाच एक छान जागा होती, तिथे पुन्हा धूर. दर थंडीला शेंगा भाजायच्या, हात काळे करायचे, पोट फुटेस्तोवर खायचं आणि नापास म्हणून परत यायचं. मला सुरुवातीला मजा वाटायची, मग राग यायला लागला. अनंताने तर तोंडावर विचारलं, "सायेब, शेंगा तं दरवर्सी भाजता, घर कवा बांधाचा?" कर्णिक हसले. माई हसल्या नाहीत. परतताना त्या एवढंच विचारायच्या, "त्या चिंचेजवळच्या जागेचं काय झालं रे?"

नव्वदच्या पावसाळ्यात माई गेल्या. त्याच स्वयंपाकघरात, त्याच पडद्याआड. सकाळी कुंदाची हाक ऐकून मी धावले. गॅसवर दूध उतू चाललं होतं आणि कुंदा पडदा हातात धरून नुसती उभी होती. आदल्याच संध्याकाळी माईंनी माझ्याकडून वाटीभर बिरडं मागून नेलं होतं. मला खरंच वाटेना.

त्या हिवाळ्यात पोपटी होईल असं कुणाला वाटलं नव्हतं. पण कर्णिक निघाले. नव्या प्लॉटवर फक्कीची पिशवी घेऊन वाकले आणि हॉल, स्वयंपाकघर, बाल्कनी आखत आखत माईंची खोलीही आखून बसले. चौकोन पूर्ण झाल्यावर त्यांच्या ध्यानात आलं. कुंदा त्या रिकाम्या चौकोनाकडे बघत राहिली. त्या दिवशी तिने एक शेंगही खाल्ली नाही.

पुढच्या थंडीत, कर्णिकांच्या निवृत्तीला थोडे महिने उरले असताना, कुंदा म्हणाली, "या वेळी जागा मी दाखवणार."

तिने आम्हाला पालेगावला नेलं. माळ ओळखू येत नव्हता, जिकडेतिकडे इमारती. चिंच मात्र होती. चिंचेसमोर नवीकोरी इमारत, तळमजल्यावर बंद दार. कुंदाने पर्समधून किल्ली काढली आणि कुलूप उघडलं.

जिने जन्मात नवऱ्याला उलट उत्तर दिलं नाही, तिने न सांगता, न विचारता, स्वतःच्या नावावर घर घेतलं होतं! मीनललासुद्धा पत्ता नव्हता. आमचे हे पुटपुटले, "तळमजला? ओल येईल, डास येतील..." मी त्यांना कोपराने ढोसलं.

कर्णिक आत गेले. भिंतीवर हात ठेवून हळूहळू फिरले. रंगाचा वास, कोऱ्या लाद्या. एका लहानशा खोलीच्या खिडकीशी थांबले, चिंचेकडे बघितलं आणि मागे वळले.

"कुंदा, ही तीच जागा."

"तीच. म्हणून तर तळमजला घेतला. माईंनी ही जागा पास केली होती. तुम्ही नापास केलीत."

"अगं, पण धूर..." कर्णिक चाचरत म्हणाले. "स्वयंपाकघरातला धूर हॉलमध्ये..."

"कसला धूर?" कुंदाचा आवाज फाटला. "गॅस आहे आपल्याकडे! पहिल्यापासून आहे!"

इतके हिवाळे आम्ही शहाणीसुरती माणसं त्या जाळाभोवती डोळे पुसत बसलो, वारा फिरला की हळहळलो, आणि एकाच्याही डोक्यात हे आलं नाही. ना इंजिनियर असलेल्या आमच्या ह्यांच्या, ना माझ्या. रोज सकाळी दोन्ही घरांतले गॅस आम्ही पेटवत होतो. जो धूर कधी होणारच नव्हता, त्याच्यापायी ती म्हातारी पडद्याआड गेली.

कर्णिकांनी कुंदाकडे बघितलं, मग माझ्याकडे. तसेच मागे सरकत त्या लहान खोलीत गेले आणि त्यांनी दार लोटलं. आतून कडी सरकल्याचा आवाज आला.

मीनल दार वाजवायला निघाली. कुंदाने तिचा हात धरून तिला खाली बसवलं. अनंताने शेंगा भाजून आणल्या होत्या, त्या आम्ही हॉलमध्ये वर्तमानपत्रावर ओतल्या. बराच वेळ आम्ही सोलत बसलो. दार कुणीच वाजवलं नाही.