उलट्या फेऱ्या

वयाच्या सेहेचाळिसाव्या वर्षी मी पहिला प्रोग्राम लिहिला. त्याने एक लाल दिवा एक सेकंद लागायचा आणि एक सेकंद विझायचा. बायकोला बोलावून दाखवला. ती ओल्या हातांनी आली, दिवा चार-पाच वेळा लागेपर्यंत उभी राहिली आणि म्हणाली, "अहो, एवढ्यासाठी तीन आठवडे? बटण दाबलं असतं तरी लागला असता की!"

तिचं चूक नव्हतं. इलेक्ट्रॉनिक्सचा डिप्लोमा करून मला पंचवीस वर्षं झाली होती. त्यातली पहिली सात टीव्ही दुरुस्तीत गेली आणि पुढची अठरा एका टॉवेलच्या कारखान्यात. तिथली मोटारींची, वायरिंगची देखभाल माझ्याकडे आणि रोजच्या उत्पादनाचं रजिस्टरही माझ्याकडेच. प्रोग्राम लिहायला शिकावं असं वाटलं ते या रजिस्टरमुळे. कुठल्या मागावर दिवसभरात किती विणलं गेलं हे पाळी संपल्यावर नग मोजूनच कळायचं. मागाने स्वतःच सांगितलं तर काय हरकत आहे, असा माझा विचार होता.

मी नखाएवढ्या चिपचा एक बोर्ड मागवला आणि रोज सकाळी साडेपाच ते सात मोबाईलवर धडे बघत शिकू लागलो. जुळे सोलापुरातल्या आमच्या फ्लॅटमध्ये नळाला पाणी यायच्या दिवशी ते भरायचं, म्हणून ही शाळा बंद. सात महिन्यांनी माझं यंत्र तयार झालं. मागाचं चाक एकदा फिरलं की एक आडवा धागा विणला जातो. चाकावर लोखंडाचा एक तुकडा बसवला आणि समोर सेन्सर. तुकडा सेन्सरसमोरून गेला की आकडा एकाने वाढणार. आमच्या मागावर तीन नॅपकिन शेजारी शेजारी निघतात. लांबी बारा इंच, इंचाला चाळीस धागे. म्हणजे चारशे ऐंशी फेऱ्या झाल्या की तीन नॅपकिन. मी तीन-तीन नॅपकिनच्या दहा ओळी समोर उभं राहून पडताळल्या. दहाही बरोबर आल्या.

कारखान्याचे मालक माझ्यापेक्षा पंधरा वर्षांनी लहान. ते मला काका म्हणतात, मी त्यांना शेठ. त्यांनी विचारलं, "काका, भरवसा ठेवायचा ना यावर?" मी म्हणालो, "एक फेरी, एक आकडा. यात चुकायला जागाच नाही, शेठ."

चार मागांवर माझ्या यंत्राचे चार डबे बसले. दोन माग एका तरुण कामगाराकडे आणि दोन मामांकडे. मामा म्हणजे आमचे सगळ्यांत जुने विणकर. घरी तेलुगू, कारखान्यात मराठी, आणि माग अडला की पुन्हा तेलुगू. अठरा वर्षांत त्यांच्या मालात खोट निघाल्याची नोंद माझ्या रजिस्टरात नाही.

पहिल्या आठवड्यातच फरक दिसला. तरुणाचे नग डब्याच्या आकड्याशी जुळत होते. मामांच्या मागांवर डबा सांगायचा त्यापेक्षा रोज साधारण तीन नॅपकिन कमी भरत होते. कधी दोन, कधी चार, पण आठवड्याचे बरोबर अठरा. मी ते रजिस्टर शेठना नेऊन दाखवलं. कुणी मागितलं नव्हतं. खरं सांगायचं तर माझा डबा किती बारीक फरक पकडतो, हे मला दाखवायचं होतं.

शेठनी पानावरची बेरीज पाहिली. "दीड डझन. मामा?" मग म्हणाले, "तुम्हीच म्हणालात, चुकायला जागा नाही."

दुसऱ्या दिवसापासून पाळी सुटताना मामांची पिशवी गेटवर उघडून बघायचं ठरलं. फक्त मामांची. पहिल्या दिवशी वॉचमनने सगळ्यांसमोर पिशवीत हात घातला. जेवणाचा डबा, तंबाखूची पुडी, चष्म्याचं घर. मामांनी विचारलं, "काय हरवलंय?" वॉचमन म्हणाला, "वरून सांगितलंय, मामा."

त्याच्या दुसऱ्या दिवशी मामा पिशवीशिवाय आले. जेवणाचा डबा हातात आणि चष्मा शर्टाच्या खिशात. मागाशेजारच्या खिळ्यावर त्यांची निळी पिशवी असायची, तो खिळा रिकामा होता. मी रोज तिथून जातो. त्या दिवशी खिळ्यावरची नजर काढता येईना.

यंत्र बरोबर आहे हे मी तपासलं होतं, पण माणूस ते कसं चालवतो हे तपासलं नव्हतं. म्हणून आठ ते चारची पूर्ण पाळी मी कागद घेऊन मामांच्या मागांपाशी उभा राहिलो.

तासाभराने मामा मोठ्याने म्हणाले, कारण मागांच्या आवाजात हळू बोललेलं ऐकू येत नाही, "काय लिवताय साहेब? माझे खिसे?"

"धागा किती वेळा तुटतो ते लिहितोय, मामा."

"मग लई कागद लागंल की. ह्या खेपंचं सूतच तसलं हाय."

तेवढ्यात धागा तुटला. मामांनी माग थांबवला, चाकाला हात घातला आणि ते चार फेरे उलटं फिरवलं. तुटका धागा काढला, माग पुन्हा सुरू केला. माझी नजर डब्यावर होती. चाक मागे फिरत होतं आणि आकडा पुढे जात होता.

"चाक मागं कशाला फिरवता?"

"तर काय! तसंच पुढं गेलं तर नॅपकिनात रेघ पडती. चार धागे मागं जायचं, खोट काढायची, मग पुढं."

"तो पलीकडचा फिरवत नाही?"

"तो तरणा हाय. त्याला पुढंच जायचं असतंय."

पलीकडून आवाज आला, "ऐकतोय मी, मामा!"

चार फेऱ्या उलट्या, त्या डब्याने मोजल्या. त्याच चार पुन्हा विणल्या, त्याही मोजल्या. एका तुटण्यामागे आठ जादा. चार वाजेपर्यंत दोन्ही मागांवर मिळून धागा साठ वेळा तुटला. साठ गुणिले आठ, चारशे ऐंशी. तीन नॅपकिन. मी कागदावर तो गुणाकार तीनदा केला. एकदाही वेगळा आला असता तर मला बरं वाटलं असतं. जो माणूस प्रत्येक खोट मागे जाऊन काढत होता, त्यालाच माझ्या डब्याने चोर ठरवलं होतं. जो रेघ तशीच सोडत होता, त्याचा आकडा जुळत होता.

कागद शेठपुढे ठेवला. त्यांनी वाचला आणि विचारलं, "आता हे त्यांना कोण सांगणार?"

"मी सांगतो. पण गेटवर. झडती तिथं झाली होती."

दुसऱ्या दिवशी पाळी सुटताना शेठही खाली आले. सगळे थांबले होते. मी सांगितलं की नॅपकिन कधीच कमी नव्हते, माझा डबा जास्त मोजत होता, कारण उलटी फेरी असते हे मला ठाऊकच नव्हतं. शेठ म्हणाले, "मामा, झडती मी सांगितली होती. माझं चुकलं."

मामांनी त्यांच्याकडे पाहिलं नाही. मला विचारलं, "म्हंजे तुमच्या डब्याला मागं येता येत न्हाय?"

"येत नाही."

"मग शिकवा की त्याला." एवढं बोलून हातातला जेवणाचा डबा सांभाळत ते निघून गेले.

शिकवायला मला अकरा सकाळी लागल्या. आधीच्या सेन्सरशेजारी दुसरा बसवला. लोखंडाचा तुकडा आधी पहिल्यासमोर आला तर चाक पुढे चाललंय, आधी दुसऱ्यासमोर आला तर मागे. पुढे असेल तर मिळवायचं, मागे असेल तर वजा करायचं. प्रोग्राममध्ये यंत्र न वाचणारी, फक्त माणसासाठीची ओळ लिहिता येते. वजाबाकीच्या वर मी लिहिलं: मामा चाक उलटं फिरवतात. पुढे मी दुसऱ्या कारखान्यांसाठीही असे डबे केले. ती ओळ अजून काढलेली नाही. आणि पूर्ण एक पाळी माणसाशेजारी उभं राहिल्याशिवाय मी प्रोग्रामला हात घालत नाही.

नवा डबा बसवल्यावर मी मामांनाच चाक फिरवायला सांगितलं. त्यांनी चार फेरे मागे घेतले. आकडा चारने उतरला. ते वाकून बघत राहिले, पुन्हा मागे, पुन्हा पुढे. "उतरतोय," म्हणाले आणि माग सुरू केला.

त्यानंतरही कितीतरी दिवस ते जेवणाचा डबा हातातच घेऊन यायचे. बोलण्यासारखं होतं ते गेटवर बोलून झालं होतं. मग एके दिवशी जाता जाता पाहिलं तर खिळ्यावर निळी पिशवी होती. ती त्याच दिवशी आली की आधीच येऊन लटकली होती, मला सांगता येणार नाही. रजिस्टरात मी सगळं लिहितो. ती तारीख माझ्याकडे नाही.